मिठाचं बोललेलं चालतं

१४ ऑगस्ट, शुक्रवार

आज पुन्हा तीन टोपल्या! दार उघडलं तर पायपुसण्यापासून ओट्यापर्यंत लालच लाल. सासूबाई मागच्या पायरीवर बसून हात पुसत होत्या. म्हणाल्या, "उद्या चार होतील." जणू मीच मागणी नोंदवली होती.

चपला न काढता खुर्चीत बसले. दिवसभर फॅक्टरीत टोमॅटो, संध्याकाळी घरात टोमॅटो. तिथले निदान बाटलीत जातात, इथले माझ्या अंगावर येतात.

सगळा दोष फुकट मिळालेल्या रोपांचा. फॅक्टरीने शेतकऱ्यांना वाटून उरलेले दोन ट्रे ह्यांनी मोठ्या कौतुकाने घरी आणले. एकशे दहा रोपं! कमजोर असतील ती उपटून टाकायची असतात. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "कोणतं उपटू, तू सांग." मी वाफ्यात अर्धा तास उभी राहिले. मलाही सांगता आलं नाही. एकही उपटलं नाही आम्ही. आता भोगा.

फॅक्टरी ट्रकभर मालाखाली विकत घेत नाही. शेजारी आता आम्हाला पिशवी घेऊन येताना पाहिलं की खिडकी लावून घेतात.

आणि आता ते लिहिते जे कुणालाच सांगितलेलं नाही. मला चव लागत नाही. आज सव्विसावा दिवस. तो ताप आला, चार दिवसांत गेला, जाताना सगळं गाठोड्यात बांधून घेऊन गेला. वास नाही, चव नाही. गरम कळतं, गार कळतं, मिरीची झिणझिण कळते. बाकी सगळं ओला पुठ्ठा.

मी नोकरी कसली करते? चव घ्यायची! सॉस आणि सूपच्या फॅक्टरीत, चौदा वर्षं. तिथे मला कुणी नावाने हाक मारत नाही. जीभबाई म्हणतात.

१७ ऑगस्ट, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डबा तसाच परत. त्यांनी नाकात दिवा घातला, जीभ बाहेर काढायला लावली, इकडून तिकडून पाहिली. मला हसू आलं. हिचं मत घ्यायला लोक रांगेत उभे असायचे!

"येईल चव," म्हणाले. "किंवा नाही येणार. महिना, सहा महिने, सांगता येत नाही. सकाळ-संध्याकाळ उग्र वास घेत जा. जिभेला रोज नवं काहीतरी द्या, ओळखीचं नको. तिला जरा डिवचत राहा."

मग विचारलं, "घरी माहीत आहे?"

नाही म्हटलं. त्यांनी भुवया वर केल्या. त्यांचं काय जातंय!

१८ सप्टेंबरला आमची परीक्षा असते, दर वर्षी. नापास झालं की चवीचं टेबल सुटतं आणि लेबलांच्या खोलीत पाठवतात. तिथे कुणी मारत नाही, मला ठाऊक आहे. पण चौदा वर्षांत मी दुसरं काही शिकलेच नाही. शिवण येत नाही, हिशेब येत नाही, चारचौघींत बोलणं येत नाही. जीभ काढून घेतली तर उरतं काय माझं?

ह्यांना सांगावं, तर हे त्याच फॅक्टरीत, पॅकिंगला. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या आत वॉचमनलाही कळेल. सासूबाईंना सांगावं, तर त्या ह्यांना सांगतील. कन्या बारा वर्षांची आहे, तिला वर्गात सांगायला मजेदार गोष्ट मिळेल.

म्हणून ही वही.

१८ ऑगस्ट, मंगळवार

लसूण हुंगला. व्हिनेगर हुंगलं. बूटपॉलिश हुंगलं. शिंक आली फक्त.

२० ऑगस्ट, गुरुवार

कामावर कसं निभावते ते लिहून ठेवते, पुढेमागे मलाच खरं वाटणार नाही.

आमच्या टेबलाला पत्र्याचे आडोसे आहेत, शेजारणीचा चेहरा दिसू नये म्हणून. वर लाल दिवा, सॉसचा रंग कळू नये म्हणून. समोर तीन पांढऱ्या वाट्या. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचं, कागदावर खूण करायची, कोमट पाण्याने चूळ भरायची, की पुढच्या तीन. दिवसाला अठरा वेळा.

आता मी चमचा तिरका करून थेंब पडायला किती वेळ लागतो ते मोजते. वेगळा सॉस जरा वेगळा ओघळतो. दाताखाली कण येतो का ते बघते. आज अठरातले अकरा बरोबर आले. पूर्वी सतरा यायचे, आणि त्या एकासाठी मी दिवसभर चरफडायचे!

मॅडम — आमच्या लॅबच्या प्रमुख — म्हणाल्या, "बरं नाही का?" म्हटलं, सर्दी आहे. ही सर्दी महिनाभर कशी पुरवायची?

घरी आले तर चार टोपल्या. डॉक्टर म्हणाले नवं काहीतरी द्या. द्यायला घरात दुसरं आहे काय! ठरवलं. टोमॅटो संपवायचे आहेतच, तर रोज असं काहीतरी करायचं जे कुणी केलं नसेल. कडू, जळकं, आंबट, काहीही. एखाद्या दिवशी जीभ दचकून जागी होईल.

२२ ऑगस्ट, शनिवार

पहिला प्रयोग. टोमॅटो अर्धे केले, वर साखर आणि कॉफीची पूड भुरभुरली, चार तास मंद ओव्हनमध्ये ठेवले. आक्रसून काळे झाले, जुन्या पाकिटाच्या चामड्यासारखे. पावावर ठेवून वाढले.

मला अर्थातच पुठ्ठा. म्हणून इतरांचे चेहरे बघत बसले. आता तेच माझं मोजमाप.

पण आमच्या घरात चेहरे वाचणं कठीण! ताटावर बसून अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा सासऱ्यांच्या वेळचा नियम. ते गेले, नियम राहिला. फक्त मिठाचं बोललेलं चालतं. मीठ कमी आहे, जास्त आहे, एवढं म्हणायची मुभा. तीसुद्धा वापरतात एकट्या सासूबाई.

हे म्हणाले, "वेगळंच आहे." कन्येने पाव संपवला आणि पाणी प्यायली. सासूबाई शांतपणे चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीठ हवं होतं जरा."

चला. घरात एक माणूस तरी खरं बोलतं. पुढच्या वेळी मीठ वाढवायचं.

२३ ऑगस्ट, रविवार

कुस्करलेले टोमॅटो फडक्यात बांधून रात्रभर नळाला टांगले होते. सकाळी पातेल्यात पाणी. लाल नाही, स्वच्छ, काचेसारखं! कन्या म्हणाली, "आई, हे टोमॅटोचं भूत आहे." त्यात मीठ घातलं — कालचं लक्षात ठेवून दोन चमचे — आणि बर्फ केला.

दुपारी उकाड्यात सगळ्यांना एकेक खडा. ह्यांनी तोंडात टाकला, डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. मी विचारलं, कसं आहे? "थंड आहे," म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "अजून थोडं चाललं असतं."

मीठ. पुन्हा मीठच. इतकी कशी चुकते मी? पूर्वी डोळे मिटून चिमूट टाकायचे.

२६ ऑगस्ट, बुधवार

साली वाळवून पूड केली, मिठात मिसळली. उकडलेल्या अंड्यांवर. रंग सुंदर दिसतो. बाकी अंधार.

३० ऑगस्ट, रविवार

कंटाळा. पाठ धरली आहे. सकाळपासून एक टोपली सोलली, एक चिरली, एक सडली. सडली ते मला कळलंच नाही! कन्या नाक धरून आली. "आई, तुला वास नाही येत?"

म्हटलं, "येतो की. मुद्दाम ठेवलेत, खताला."

खताला म्हणे. किती खोटं बोलायचं, तेही पोरीशी.

दुपारी केक केला. कोको, लोणी आणि टोमॅटोचा दाट रस, अंड्याऐवजी. फुगला छान. केकात चिमूटभर मीठ घालतात. सासूबाई बाजूला बसून साली गोळा करत होत्या, म्हटलं, आई, जरा मिश्रण चाखता का? त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "घाल अजून." घातलं. "अजून?" "घाल घाल."

सासूबाईंनी गेल्या वर्षी गुडघ्यांचं निमित्त करून चूल सोडली. "तुझ्या जिभेपुढे आमचं काय," असंही म्हणायच्या. आता मी त्यांच्या जिभेवर चालले आहे, हे त्यांना कुठे माहीत!

केक दोन दिवस झाकून ठेवला होता. कुणी चोरून खाल्ला नाही. आश्चर्य आहे.

(ही शेवटची ओळ मंगळवारी लिहिली.)

२ सप्टेंबर, बुधवार

हे हल्ली जेवणानंतर "पाय मोकळे करून येतो" म्हणून जातात. परत येतात तेव्हा बरे दिसतात. व्यायामाने माणूस खुलतो खरा.

५ सप्टेंबर, शनिवार

आज दुपारी भट्टीवाले आले, सात नंबरच्या भट्टीचे. वीस वर्षं तिथे उभे आहेत, भुवया कायमच्या जळालेल्या. त्यांचं माझ्याकडे काम नसतं. भट्टी उतरली की शेवटचा चमचा मी चाखते, कागदावर सही करते, माल पुढे जातो. आज स्वतः वाटी घेऊन आले.

"ताई, मला जरा करपट लागतंय. तळाला धरलं असेल का? मशीन तर सगळं बरोबर दाखवतंय."

मशीनला आंबट कळतं, खारट कळतं, दाटपणा कळतो. करपट फक्त माणसाला कळतं. म्हणून तर मी.

लाल दिव्याखाली बसले. एक चमचा. दोन. तीन. काही नाही. पुठ्ठा. तळाला धरलं असेल तर काळे कण दाताखाली येतील, म्हणून दात हळू फिरवले. कण नव्हते.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ते समोर उभे, त्यांच्यामागे मॅडमच्या खोलीचं दार उघडं, आणि तेरा दिवसांवर परीक्षा. म्हटलं, "नाही हो. ठीक आहे."

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग माझ्याच मनाचे खेळ. तुम्ही म्हणता म्हणजे झालं."

सही केली.

८ सप्टेंबर, मंगळवार

हिरव्या टोमॅटोंच्या चकत्या, पिठात घोळवून तळलेल्या. चहापत्ती जाळून तिच्या धुरावर झाकून ठेवलेले लाल टोमॅटो. मिरी घालून जॅम, तीन बरण्या. एका दिवसात तिन्ही! हात चालू असले की डोकं बंद राहतं.

सासूबाई : मीठ कमी. मीठ कमी. जॅमला काही म्हणाल्या नाहीत.

११ सप्टेंबर, शुक्रवार

सात नंबरचा माल परत आला.

सगळी खोकी. दुकानदारांची पत्रं. करपट, जळका वास, मुलं थुंकून टाकतात. ह्यांच्याच पॅकिंगच्या शेडमध्ये रचून ठेवली आहेत. हे सांगत होते, एक बाटली उघडली तर शेडभर वास. मी समोर बसून जेवत होते. हे म्हणाले, "भट्टीवाल्याने झाकलं म्हणतात. तळाला धरलेलं कळलंच नाही असं कसं होईल? घरी बसवलाय त्याला, चौकशी होईपर्यंत."

विचारलं, "ते काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. जीभबाईंनी पास केलं होतं, एवढंच म्हणाला. पण त्याने तुझ्याकडे वाटी वेगळी आणली असणार, असं सगळे म्हणतायत. तुझी जीभ चुकेल होय!"

हे किती विश्वासाने बोलत होते.

१४ सप्टेंबर, सोमवार

भट्टीवाले बसथांब्यावर भेटले. मी वळून जाणार होते. त्यांनीच हाक मारली. दाढी वाढली आहे. हातात दुधाची पिशवी.

मला वाटलं भांडतील. बरं झालं असतं भांडले असते तर! ते म्हणाले, "ताई, एक विचारू? तुम्हाला खरंच काही लागलं नव्हतं ना? म्हणजे मग मलाच दोनदा लागलं, आणि नंतर सगळ्या गावाला लागलं. माझं डोकं फिरायची वेळ आलीय. बायको म्हणते तुला भास झाला, साहेब म्हणतात तू लपवलंस. दोन्ही कसं होईल?"

माझी बस आली. मी चढले! उत्तर न देता चढले आणि खिडकीतून मागे पाहिलं नाही.

मला माझी लाज वाटते. नीट, सरळ, भरपूर लाज वाटते.

१६ सप्टेंबर, बुधवार

टोमॅटोला हात लावला नाही. दोन टोपल्या गळतायत. गळू देत.

१७ सप्टेंबर, गुरुवार

उद्या परीक्षा. थेंब मोजून, दात फिरवून कदाचित पास होईनही. गेल्या आठवड्यात तेरा आले होते. बाराला पास करतात.

तेच वाईट आहे. नापास होणार असते तर सोपं होतं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

लाल दिवा. तीन वाट्या. पहिल्या तीनची खूण केली, बरोबर असावी. दुसऱ्या तीन आल्या. चमचा उचलला, थेंब मोजायला लागले, एक, दोन — आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. उठून आडोशाबाहेर आले. चौदा वर्षांत परीक्षा चालू असताना कुणी उठलेलं नाही.

मॅडमना म्हटलं, "मला चव लागत नाही. जुलैपासून. आणि पाच तारखेला सात नंबर मी पास केला. ते स्वतः सांगायला आले होते करपट आहे म्हणून. मी नाही म्हटलं."

मॅडमनी पांढरा दिवा लावला. वाट्यांमधलं सगळं एकदम लाल दिसायला लागलं. म्हणाल्या, "अहो, जुलैत सांगितलं असतंत तर मी रजा दिली असती हो. आजारी पडणं हा गुन्हा आहे का? पण तुम्ही सही केलीत. ती कशी पुसू?"

पुसू नका म्हटलं. त्यांच्यासमोरच लेखी दिलं. सोमवारपासून लेबलांची खोली.

दारातून निघताना त्या म्हणाल्या, "चव परत आली तर त्या दिवशी माझ्याकडे या. टेबल रिकामं ठेवते वर्षअखेरपर्यंत. त्यापुढे नाही ठेवता येणार."

बाहेर ऊन होतं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली, इतक्या दिवसांनी.

१९ सप्टेंबर, शनिवार

काल घरी सांगितलं. सगळे ताटावर बसल्यावर, म्हणजे कुणी उठून जाणार नाही.

कन्या हळूच म्हणाली, "म्हणजे तो केक... तुला माहीतच नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं?"

तिने बापाकडे पाहिलं. बापाने छताकडे. आणि मग हे जे हसायला लागले! डोळ्यांतून पाणी, खोकला, पाठीवर थापा माराव्या लागल्या. "अगं, समुद्र होता समुद्र! तो बर्फ! मी तो जिभेखाली धरून देवाचा धावा केला होता. आणि ती अंडी! मी रोज पाय मोकळे करायला कुठे जात होतो? कोपऱ्यावर, बिस्किटं खायला!"

"मग सांगितलं का नाही?"

"तुला कसं सांगणार? तुझी जीभ! मला वाटलं फॅक्टरीत काही नवं चाललंय, तुम्हा लोकांना हेच आवडत असेल. आपल्यालाच कळत नाही. तुला सांगणारे आम्ही कोण?"

कन्या म्हणाली, "मला वाटलं मी मोठी झाले की आवडायला लागेल."

मी हसले आणि मग दुपारी न आलेलं रडू आलं, दोन्ही एकदम. चार आठवडे! तोंड वाकडं न करता चार आठवडे खाल्लं माझ्या माणसांनी. भट्टीवाल्यांना मी जसं गप्प केलं, तसं ह्यांनाही. एक शब्द न बोलता.

सासूबाई एकट्या हसल्या नाहीत. ताटातलं शेवटचं संपवलं, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "बरं. मग उद्यापासून चूल माझ्याकडे. मीठ मी बघीन."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांनी मीठ घालायचं नसतं."

खरं सांगते, अंगावरचं ओझं कुणीतरी उचलून खाली ठेवल्यासारखं वाटलं.

२२ सप्टेंबर, मंगळवार

लेबलांची खोली. पाच बायका, एक मोठी खिडकी. बाटली फिरते, लेबल वाकडं लागलं तर सोलायचं, सरळ लावायचं. त्या सतत बोलत असतात. काल मी गप्प होते. आज एकीने विचारलं, घरी टोमॅटोंचं काय करतेस? मी सांगितलं — बर्फ, केक, अंडी, सगळं. पाच जणी पोट धरून हसल्या. मला चारचौघींत बोलता येतं की!

भट्टीवाले कालपासून कामावर आले. दुपारी खिडकीशी थांबले. मी उठून माफी मागितली. नीट मागितली, पूर्ण. ते म्हणाले, "म्हणजे मला करपट लागत होतं, ते खरंच होतं ना?" हो म्हटलं. "बास. एवढंच हवं होतं," म्हणाले आणि गेले. मला माफ केलं की नाही ते बोलले नाहीत. त्यांचा हक्क आहे.

२७ सप्टेंबर, रविवार

सासूबाई वयाने दहा वर्षं मागे गेल्यासारख्या वाटतात. सकाळी सातलाच ओट्याशी. स्टुलावर बसतात, पदर खोचतात, मला हाकलतात. भाजलेल्या टोमॅटोचं सूप, भातात घातलेले टोमॅटो, पावाचे तुकडे आणि टोमॅटो थरावर थर लावून भाजलेलं काहीतरी. हाताला विचार करावा लागत नाही त्यांच्या. मीठ तर न बघता घालतात, पाठ फिरवून गप्पा मारत.

ह्यांना म्हटलं, आता तरी बरं जेवताय ना? "उत्तम," म्हणाले. जरा घाईने म्हणाले. कन्या पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मला काही कळत नाही ते एक बरंच आहे. लेबलं, जेवण, झोप. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी घासाचा निकाल न लावता गिळते आहे. पण खोटं कशाला बोलू, त्या टेबलाची आठवण येते. सकाळी पांढरा डगला घालायला हात जातो. झाडांवर आता फार टोमॅटो उरले नाहीत.

१ ऑक्टोबर, गुरुवार

थकले. चांगलं थकले, पण थकलेच. काही लिहिण्यासारखं नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

आज दुपारी पहिल्या घासाला चव आली. अचानक, कानात दडा बसलेला सुटावा तशी. सूप होतं. आंबट आलं, गोड आलं, भाजलेल्या सालीचा धूर आला, आणि त्यामागून मीठ — इतकं, इतकं मीठ की डोळ्यांत पाणी आलं. समोर सासूबाई तेच सूप शांतपणे पीत होत्या. वाटी संपवली. बोटाने कड पुसून चाटली. म्हणाल्या, "आज जमलंय."

त्यांनाही काही लागत नाही. कधीपासून, ते मला माहीत नाही. विचारणारही नाही.

टेबल रिकामं आहे, मॅडम वाट बघतायत. पण मॅडमना सांगितलं की ह्यांना कळणार, ह्यांना कळलं की घराला कळणार, आणि मग उद्या ताटावर सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. म्हटलं, "छान झालंय, आई." दुसरी वाटी घेतली. त्या भांडी ठेवायला गेल्या तेव्हा मिठाच्या बरणीतला चमचा काढून घेतला आणि अर्ध्या मापाचा ठेवला.

मॅडमना वर्षअखेरच्या आत सांगायचं. उद्या नाही.